झाकू नये

“माणसं शिजून गेली तरी चालतील इथं. वारा कुणाला? तर डब्याला!”

लुपेआत्या हे कुणालाच उद्देशून म्हणत नव्हती, असं आपलं तिचं म्हणणं. दुकानात होतं तरी कोण? एक ती, आणि दुसरी तिच्या भावाची मुलगी पेलेनाईसे, जी टेबलाशी वाकून स्क्रू मोजत होती. दुकानातल्या एकुलत्या एका पंख्याने आत्याकडे पाठ केली होती आणि तो टेबलावरच्या उघड्या कॉम्प्युटरला मन लावून वारा घालत होता.

“आत्या, तपासणी चालू आहे.”

“शुक्रवारपासून चालू आहे. आज बुधवार. एवढ्यात बाई बाळंत होऊन घरी येते.”

पेलेनाईसे हसली नाही. गेल्या सहा आठवड्यांत ती हसली नव्हती, आणि रडलीही नव्हती. नेइयाफू बंदराच्या बाजारात बायका एकमेकींना सांगायच्या, मोठी धीराची हो! धीरबीर काही नव्हतं. आतलं कुठलंसं बटण बंद पडलं होतं, एवढंच. जेवताना तोंडात अळकुडी आहे की मासा, हे तिला विचार करून ठरवावं लागे. चर्चमध्ये सगळे उभे राहिले की ती उभी राही, बसले की बसे. फक्त हात तेवढे शाबूत होते. बोटाची मागची बाजू पत्र्याला लावली की चाळीस डिग्री की साठ, हे ते अजून बिनचूक सांगत. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. बंदरात शिडाच्या बोटी येतात, त्यातले गोरे लोक बिघडलेली यंत्रं टाकून पुढे जातात. ती टाकलेली यंत्रं उघडून उघडून ती शिकली होती, आणि पंचवीस वर्षं त्यावर जगत होती.

टेबलावरचा कॉम्प्युटर मोतुले बेटावरच्या मच्छीमार मंडळाचा. बेट होडीने अर्ध्या तासावर. तिथे मोबाइल लागत नाही, रेडिओचा खांब दोन वादळांमागे आडवा झाला तो आडवाच आहे. त्यामुळे राजधानीहून तारेने येणारा हवेचा अंदाज काय तो ह्याच यंत्रावर कळायचा. मंडळाचा चिटणीस रोज दुपारी बाराला तो वाचायचा आणि अंदाज वाईट असला तर अंगणातल्या काठीवर लाल निशाण चढवायचा. निशाण दिसलं की होड्या किनाऱ्यावर. नाही दिसलं की होड्या पाण्यात.

सहा आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी साडेअकराला कॉम्प्युटर आपला आपणच बंद पडला. चिटणीस फालाकिकोने तो पुन्हा सुरू केला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्याने नाद सोडला आणि तो जेवायला गेला. निशाण चढलं नाही. एक वाजता चार होड्या गेल्या. चार वाजता वारा फिरला. तीन होड्या परत आल्या. चौथी केपुची होती, पेलेनाईसेच्या धाकट्या भावाची. तिसऱ्या दिवशी तो पोवळ्याच्या खडकावर सापडला.

आणि त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी हा कॉम्प्युटर पेलेनाईसेने दुरुस्त करून दिला होता. पावतीवर तिच्या अक्षरात होतं, ‘तपासला, ठीक आहे’. खाली सही.

उद्या मंडळाची बैठक होती. यंत्र का बंद पडलं, हे तिने लेखी द्यायचं होतं.

तशी ती मनापासून तपासत होती, कुणी नाव ठेवू शकलं नसतं. शुक्रवारी पॉवर सप्लाय उघडला. आत मागच्या खेपेसारखी मेलेली पाल असेल म्हणून पाहिलं, नव्हती. तरी तो काढून दुसऱ्या यंत्राचा लावला. शनिवारी मेमरीच्या पट्ट्या एकेक करून लावून चाचणी सुरू केली, ती संपेना म्हणून रविवारीही तशीच चालू ठेवली. रविवारी ह्या देशात दुकान सोडा, लाकूड फोडलेलं चालत नाही. आत्या खवळली. “परमेश्वराच्या दिवशी यंत्राला राबवतेस?” पेलेनाईसे म्हणाली, “मी कुठे काय करतेय? ते आपलं आपण मोजतंय.” सोमवारी डिस्क. मंगळवारी प्रोसेसरवरचा पंखा आणि पत्र्यांचा ठोकळा काढून पुसला, उष्णता ओढून घेणारी जुनी पेस्ट खरवडली, नवी लावली. आज पूर्ण भार टाकून चार तास चालवला. पडद्यावर तापमानाची रेघ अडुसष्टवर आली आणि तिथेच सरळ चालत राहिली. ना वर, ना खाली. पेलेनाईसे त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसली. तिला ती रेघ ओळखीची वाटली.

सगळं तपासून झालं होतं. एक सोडून.

“आणि ते?” आत्याने विचारलं.

“काय ते?”

“काही नाही. मी आपलं विचारलं.” आत्या झावळीच्या पंख्याने मानेवर वारा घेत दाराबाहेर बघू लागली.

‘ते’ सगळ्यांनाच माहीत होतं. अपघाताच्या आदल्या दिवशी मंडळाच्या कचेरीच्या नव्या छपराला आशीर्वाद द्यायला मोठे पाद्री आले होते आणि अख्खं बेट तिथे जेवायला होतं. कचेरी सजवली होती. खुर्च्यांवर विणलेले रुमाल, भिंतीवर फुलांच्या माळा, आणि कॉम्प्युटरवर सालीचं कापड. झाडाची साल कुटून कुटून केलेलं, तपकिरी नक्षीचं, हाताला जाड पुठ्ठ्यासारखं लागणारं. असलं कापड लग्नात आणि मयतात निघतं. घरातली चांगली वस्तू उघडी ठेवणं म्हणजे इथे बाईला वळण नाही म्हणून सांगणंच. ते कापड केपुच्या बायकोच्या, कालोलाईनेच्या लग्नातलं होतं. कचेरी झाडायची, आवरायची, फुलं ठेवायची ती कालोच. समारंभ झाला, पाद्री गेले, कापड राहिलं. एकदा मानाने घातलेलं कापड दुसऱ्याच दिवशी कोण ओढून काढतं?

आणि शुक्रवारी यंत्र दुकानात आलं, तेव्हा त्याच्या झाकणावर, वाफा जायच्या भोकांच्या शेजारी, एक चिठ्ठी चिकटलेली होती. पेलेनाईसेच्याच हातची. मोठ्या अक्षरांत: ‘झाकू नये.’ तिच्यावर तपकिरी रंग घासला गेला होता आणि एका कोपऱ्याला सालीचा बारीक तंतू अडकला होता. पेलेनाईसेने ती नखाने अलगद सोडवली, घडी घातली आणि स्क्रूंच्या डब्यात तळाशी ठेवली. मग पॉवर सप्लाय उघडला.

चिठ्ठी बाहेर काढली की ती स्वतः सुटत होती. आणि कालो अडकत होती, जन्मभरासाठी, त्याच बेटावर, त्याच दोन मुलांना घेऊन.

एरवी पेलेनाईसे चिठ्ठ्या लिहीत बसत नसे. यंत्र न्यायला आलेल्या माणसाला ती दारात उभं करून बजावायची, “वर काही ठेवायचं नाही, चार बोटं जागा मोकळी सोडायची, समजलं? बोल बघू काय सांगितलं.” पण त्या दिवशी यंत्र न्यायला केपु आला होता, आणखी तिघांना घेऊन. आता बहीण-भाऊ म्हटल्यावर इथे काही गोष्टी आल्याच. बारा वर्षांची झाल्यापासून ती आणि केपु एका खोलीत निवांत बसले नव्हते. बहिणीसमोर भाऊ थट्टा करत नाही, त्याच्यासमोर इतरही कुणी करत नाहीत. ती आली की सगळे गप्प, माना खाली. बहिणीचा मान मोठा, त्या मानाला हे सगळं आलं. प्रेम काय ते माशांमधून. दर शनिवारी पहिल्या जाळ्यातला मासा तिच्या दाराशी यायचा, झावळीच्या टोपलीत. आणणारा पोचवून निघून गेलेला असायचा.

त्या दिवशी बाहेर फणसासारख्या त्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली चौघं कसल्याशा गोष्टीवर हसत होते. केपुचं हसणं तिला खिडकीतून ऐकू येत होतं. असं पोट धरून हसणं तिने तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तिच्यासमोर ते व्हायचंच नाही. ती दाराबाहेर गेली असती तर ते तिथल्या तिथे थांबलं असतं. म्हणून ती आतच बसली. चिठ्ठी लिहिली, चिकटवली आणि यंत्र दारात सरकवून ठेवलं.

ह्यातलं काही ती उद्याच्या कागदात लिहू शकत नव्हती.

तीनच्या सुमाराला फालाकिको आला. चिटणीस असला तरी तो शाळकरी पोरासारखा दारात घुटमळला. सहा आठवड्यांत तो निम्मा झाला होता. चारचौघांत जाताना इथे कमरेला विणलेली चटई गुंडाळतात; त्याची दोनदा गुंडाळूनही खाली सरकत होती.

“पेलेताई, झालं का?”

“बस.”

“नाही, बसत नाही.” आणि तो बसला. “मी काय म्हणतो, यंत्र तसं जुनंच होतं.”

“नऊ वर्षांचं.”

“तेच. जुनं. माणूसही जातं, यंत्रही जातं. ‘जुनं झालं होतं’ एवढं लिहिलंत की पुरे. कुणी काही विचारणार नाही.”

“न विचारायला तुमची पहिली जागा,” लुपेआत्या म्हणाली. “तीनदा बंद पडलं तर होडी काढून इथवर यायला काय पाय मोडले होते? फोन होता ना इथं.”

“आत्या!”

“मी ह्याला नाही म्हटलं. मी पंख्याला म्हटलं.”

फालाकिको हाताच्या तळव्यांकडे बघत राहिला. नऊ वर्षांच्या यंत्राला सगळं लावून टाकायचं, ही युक्ती त्याने स्वतःसाठी काढली नव्हती, हे पेलेनाईसेला कळत होतं. थोडी स्वतःसाठी असेल. पण तो कालोच्या शेजारी राहायचा. तिच्या मुलांना शाळेला होडीतून तोच न्यायचा.

“जुनं झालं होतं म्हणून लिहिलं,” पेलेनाईसे सावकाश म्हणाली, “तर मग मी ‘ठीक आहे’ म्हणून सही कशी केली, असं विचारतील.”

“तुम्हाला कोण विचारणार, ताई? तुम्ही त्याची बहीण.”

“म्हणजे मनात विचारतील.”

आत्याने झावळीचा पंखा हलवायचा थांबवला होता.

तेवढ्यात दारात सावली पडली. कालो होती. काळे कपडे, त्यावर काखेपर्यंत येणारी मयताची जुनी फाटकी चटई, डोक्यावर इंचभर केस. ते केस पेलेनाईसेनेच कापले होते, दफनानंतर. भावाच्या घरात तो मान बहिणीचाच. घरातली कात्री मिळेना म्हणून दुकानातली नेली होती. आता ती परत टेबलावर होती आणि तिने वायरी कापल्या जात होत्या. कात्रीला काय.

“वन्सं,” कालो म्हणाली आणि वाकून आली, मोठ्यांच्या खोलीत येतात तशी, आणि खाली बसली. हातातली टोपली तिने पुढे सरकवली. मासा होता, शनिवारचा नव्हे, बुधवारचा. “गेल्या शनिवारी समुद्र बरा नव्हता. राहून गेला.”

केपु गेल्यानंतरही दर शनिवारी टोपली येत होती. कालो तो मासा कुठून आणते, हे पेलेनाईसेने विचारलं नव्हतं.

“कशाला एवढ्या उन्हात आलीस?”

“हेही द्यायचं होतं.” कालोने काखेतली गुंडाळी काढली. सालीचं कापड. “मयतातल्या चांगल्या वस्तू बहिणीच्या, म्हणजे तुमच्या. मी सगळ्या दिल्या, हे तेवढं मागे राहिलं. तुमचं तुम्हाला मिळायला हवं.”

फालाकिको एकदम उठला. त्याला जायचं होतं, पण दारात कालो बसली होती आणि तिला ओलांडून जाता येत नव्हतं. तो पुन्हा बसला.

पेलेनाईसेने कापडाला हात लावला नाही. “राहू दे तुझ्याकडे. पोरीच्या लग्नाला होईल.”

“नको.” कालो टेबलाकडे बघत होती. “हेच ना ते यंत्र? उघडं का?”

“तपासायला उघडावं लागतं.”

“आणि पंखा?”

“गरम होऊ नये म्हणून.”

“तिथं पंखा नव्हता, वन्सं.” कालोचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा. “झाकणही लावलेलं होतं.”

खाली बंदरात कुणाचं तरी इंजिन दोनदा खोकून बंद पडलं.

पेलेनाईसे उठली. तिने झाकण बसवलं, चारही स्क्रू पिळले. मग पंखा उचलला आणि आत्याकडे तोंड करून ठेवला. आत्याने शुक्रवारपासून ज्याच्यासाठी जीव टाकला होता तो वारा तिच्या तोंडावर आला आणि तिने मान फिरवली.

यंत्र सुरू झालं. पेलेनाईसेने पूर्ण भार टाकला आणि मागे सरली. कालो उठली, तिने कापड उलगडलं, चार घड्यांचं दोन घड्यांवर आणलं, यंत्रावर पसरलं आणि सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. सवयीचा हात होता. पुढची कड तिने सरळ केली, नक्षी मधोमध आली की नाही ते एक पाऊल मागे जाऊन पाहिलं, आणि खाली बसली.

पडद्यावर आकडा बावन्न होता.

“ब्रेडफ्रूट लागलीत का तुमच्याकडे?” आत्याने विचारलं.

“लागलीत. वटवाघळं ठेवत नाहीत.”

“जाळं टाकायचं.”

“जाळी होडीत होती,” कालो म्हणाली.

एकसष्ट. अडुसष्ट. ह्या वेळी रेघ तिथे थांबली नाही. फालाकिको घसा साफ करून म्हणाला, की छपराचं काम चांगलं झालंय, गळत नाही. आत्या म्हणाली, चांगलंच आहे. शहाहत्तर. आतला छोटा पंखा घरघरू लागला, चढावर दम लागलेल्या माणसासारखा. पेलेनाईसेने बोटाची मागची बाजू कापडाला लावली. कापड गार होतं. जाड, गार, कोरडं. आतलं त्याने बाहेर काही येऊ दिलं नव्हतं. पंच्याऐंशी. कालो गुडघ्यावर हात ठेवून बसली होती आणि ओठांनी आकडे वाचत होती.

“थोरला चालवायला लागला का होडी?” आत्याने विचारलं.

“नाही. मी नाही जाऊ देत.”

त्र्याण्णव. सत्त्याण्णव.

टक् झालं. तसा मोठा आवाज नव्हता. पडदा काळा झाला, घरघर उतरत उतरत थांबली, आणि दुकानात फक्त आत्याच्या तोंडावर फिरणारा पंखा राहिला. अठरा मिनिटं. पेलेनाईसेने सवयीने वहीत लिहिलं. आकडा लिहिताना हात नीट चालला.

“जुनंच होतं ते,” फालाकिको घाईघाईने म्हणाला. “मी म्हटलं ना. जुनं यंत्र, थोडं गरम होणारच. त्यात कुणाचं काय?”

“गप बस रे,” आत्या म्हणाली, पण हळू.

पेलेनाईसेने वहीचं पान उलटलं. पेन धरलं. उद्याचा कागद तिला एकदम स्पष्ट दिसला, जणू कुणी तिच्यासमोर धरला होता.

“फालाकिको, लिहून घे,” ती म्हणाली. “यंत्रात दोष नाही. ते झाकलं गेलं, म्हणून तापलं. ते झाकायचं नसतं, हे माझ्याकडून सांगायचं राहिलं. यंत्र न्यायला आले त्या दिवशी मी दाराबाहेर आले नाही. कुणालाच सांगितलं नाही. चूक माझी. खाली माझी सही.”

“ताई, असं कसं…”

“असंच. तिथल्या कुणाला कसं ठाऊक असणार? मी सांगितलंच नाही तर?”

तिचा आवाज सरळ होता, त्या अडुसष्टच्या रेघेसारखा. स्क्रूंचा डबा तिच्या कोपराशी होता. तिने तो कोपराने थोडा मागे सारला.

कालो उठून टेबलाशी आली होती. तिने कापडाची कड उचलली, वर दुमडली, आणि झाकणावर भोकांच्या शेजारी हात ठेवला. तिथे डिंकाचा चौकोनी डाग होता. पत्रा भाजत असणार, पण तिने हात काढला नाही. अंगठ्याने ती तो डाग चोळत राहिली, जाईल म्हणून नव्हे.

“कालो, हात काढ. भाजेल.”

“तुम्ही सांगितलं होतं, वन्सं,” कालो म्हणाली. “इथं चिठ्ठी होती. मी वाचली होती. एवढे मोठे पाद्री येणार, आणि नव्या छपराखाली ही फाटक्या कागदाची चिठ्ठी बरी दिसेना. ती झाकायलाच मी कापड घातलं.”